नवसागराचा डाख

झरी,
बुधवार, ता. २५ एप्रिल १९६२

प्रिय सदानंद यास एकनाथचा सप्रेम नमस्कार.

अडीच वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटंसुलटं करशील, हे मला इथूनच दिसतं आहे. हाताला ते जाड लागेल. कागदांखेरीज आत एक लहानशी पुडी आहे. ती लगेच उघडू नकोस, पत्र वाचून झाल्यावर उघड.

आम्ही इथे बरे आहोत, म्हणजे वैशाखाच्या तोंडावर माणूस जितका बरा असू शकतो तितके. शाळा सकाळची आहे. दोन खोल्या, चार इयत्ता आणि मास्तर मी एकटा. साडेअकराला पोरं सुटली की मी खुर्चीतच बसून राहतो, उठवत नाही. लतिकाचे गुडघे दुखतात. ती म्हणते, डहाणूला निदान समुद्राचा वारा तरी होता. मी म्हणतो, त्या वाऱ्यात मीठ फार. यावर ती गुडघ्यांना तेल चोळायला घेते.

डहाणूच्या खिडकीखालचं माझं टेबल तुला आठवत असेल. बैलगाडीत घालून इथवर आणलं खरं, पण आता त्यावर हजेरीपट, खडूंचं खोकं आणि लोणच्याची बरणी असते. डाख लावायची तांब्याची सळई कोनाड्यात पडून आहे. इथे आल्यापासून मी दोन तारा एकमेकींना जोडलेल्या नाहीत. कुणी विचारतं, "मास्तर, तुम्ही म्हणे घरी रेडिओ बनवायचात?" मी म्हणतो, बनवायचो. तेवढ्यावर भागतं.

तर पत्र लिहिण्याचं कारण. अक्षय्य तृतीयेला वरोरला पंच बसणार आणि तुझी न् हंसावहिनीची काडीमोड करून देणार, असं कळलं. तुमच्या जातीच्या बैठकीत मी नाक खुपसू नये, हे मला समजतं. पण तुम्ही बसण्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं.

ही बातमी मला खुद्द वहिनीकडूनच कळली. शनिवारी आम्ही विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो होतो. लतिकाला सुके बोंबील घ्यायचे होते. एका ढिगाशी ती वाकली आणि पलीकडून आवाज आला, "मास्तर, वळखलं नाय काय?"

खरंच ओळखलं नव्हतं. वाळली आहे फार. भाऊ माल आणतो आणि ती विकायला बसते, धाकट्या डहाणूच्या माहेरून निघून जत्रा उठेपर्यंत तिथेच राहते. लतिकाच्या पिशवीत तिने वरून दोन मुठी जास्तीचे टाकले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचा रेडिओ चालतो काय अजून?"

मी म्हटलं, "नाही. तो नाद सोडला."

"माझ्यापायी सोडलात ना? तुमी आमच्यासाठी एवढं खपून सेट बनवलेलात, न मी गाणी ऐकून ऐकून त्याची बॅटरी खाऊन टाकली. रामूभावजींचा हात अजून डोल्यासमोर येतो बगा." मग पंचांचं सांगितलं. रडली बिडली नाही. बोंबील सारखे करत होती. आणि मधेच थांबून म्हणाली, "पन मास्तर, त्या दुपारी मी एकच गाणं ऐकलेलं. एकच. एका गाण्यात संपते काय वो बॅटरी?"

मी म्हटलं, "गर्दी फार वाढते आहे, निघतो आम्ही."

हे असं झालं. बाई चांगली आहे रे सदा. तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घाई करू नकोस, एवढंच सुचवायचं होतं. तुझ्या आईला, आमच्या मावशींना, माझा नमस्कार सांग, धाकट्या रामूला आठवण सांग. कळावे.

शुक्रवार, ता. २७

बुधवारी 'कळावे' लिहून कागद पाकिटात घातले होते. काल टपालवाला दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी त्याला तसाच परत पाठवला. लतिका म्हणाली, "अर्धं पत्र टाकण्यापेक्षा न टाकलेलं बरं." तिला सगळं ठाऊक आहे. गेल्या साली मी तिला सांगितलं. तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं होतं, की हंसाला कधी सांगणार.

आता मुळापासून लिहितो. यातलं पुष्कळ तुला माहीत आहे, तरी वाच.

सत्तावन साली मी मुंबईहून ते इंग्रजी पुस्तक मागवलं, घरच्या घरी रेडिओ कसा बनवावा यावरचं. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. आकृत्या समजायच्या, मजकूर जड जायचा. म्हणून मी आकृत्या बघत गेलो आणि मजकूर सोडत गेलो. धडा नीट वाचला नाही म्हणून पोरांना छड्या देणारा मास्तर मीच.

पहिला सेट खड्याचा. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे शंभर वेढे आणि एका खड्यावर टेकवलेली सुई, बस्स. ना बॅटरी, ना वीज. एरियलसाठी तू वरोरहून बांबू खांद्यावर टाकून चालत आलास. कानाला लावायचं ते यंत्र मी आधी तुझ्याच कानाला लावलं, कारण माझ्याने धीर होईना. सुई सरकवता सरकवता तू एकदम ओरडलास, "आरं, ह्यात तर मानूस हाय!" कान झाकलेले, त्यामुळे तुझं ओरडणं तुलाच ऐकू येत नव्हतं. समोरच्या घरातले लोक बाहेर आले. आत कोणीतरी गुळाचे भाव सांगत होतं. आपण दोघं अर्धा तास गुळाचे भाव ऐकत बसलो होतो.

पुढे व्हॉल्व आले, बॅटरी आली. तारा नुसत्या पिळून भागेना, जोडांना कथलाचा डाख लावायला हवा, एवढं आकृतीवरून कळत होतं. डाख लावायचं कुणाकडून शिकणार? डहाणूच्या बाजारात कल्हईवाला बसायचा, त्याच्या भात्यापाशी जाऊन बसलो. त्याने कथील दिलं, नवसागराचा खडा दिला आणि सळई कशी तापवायची ते दाखवलं. तापल्या सळईवर नवसागर घासला की पांढरा धूर उठतो, डोळे चुरचुरतात आणि कथील असं सुरेख पसरतं की बघत राहावं. पहिला जोड चकाकला तेव्हा मला फार आनंद झाला होता, सदा. वीस वर्षं बाराखडी शिकवून जो झाला नव्हता तो झाला. आपल्यालाही काही येतं, असं वाटलं.

मग तुझा सेट. तीन व्हॉल्वचा. होडी बाहेर काढण्याआधी मुंबई केंद्राचं हवामान घरबसल्या कळावं, ही कल्पना तुझी होती. निम्मं काम माझ्या टेबलावर झालं आणि निम्मं तुझ्या ओट्यावर, दोन रविवार बसून. रेडिओचं लायसन काढायला गेलो तेव्हा पोस्टातल्या बाबूने विचारलं, "कोणत्या कंपनीचा?" आणि तू छाती काढून सांगितलंस, "एकनाथ कंपनीचा." त्याने तसं लिहूनही घेतलं असतं.

मला तो ओटा फार आठवतो. मी शेगडीत सळई तापवत होतो आणि समोर रामू उलट्या होडीच्या फटीत कापूस अन् राळ भरत होता. राळेचं भांडं माझ्यापासून दोन हातांवर होतं. त्या भांड्याचं पुढे लिहितो.

ते आठ-दहा महिने चांगले गेले. संध्याकाळी हवामान ऐकायला अर्धं वरोर तुझ्या ओट्यावर जमायचं, कारण गावात दुसरा सेट नव्हता. दुपारी बोंबील वलांडीच्या बांबूंवर टांगून झाले की वहिनी गाणी लावायची. हात माशाचे म्हणून बटण कोपराने फिरवायची. मावशी कुरकुरायच्या, बॅटरी फुकट जाते म्हणून. मीच त्यांना सांगायचो, जाऊ द्या हो, तेवढ्याने काही होत नाही. पोरं मला 'रेडिओ मास्तर' म्हणून हाक मारायची. मला ते आवडायचं.

कार्तिकातल्या त्या संध्याकाळचं मी ऐकीव लिहितो आहे, मी तिथे नव्हतो. हवामानाच्या वेळेला तू सेट लावलास आणि तो मुका. थापट्या मारल्यास, तारा हलवल्यास. मावशी म्हणाल्या, "दुपारभर वाजवत बसते, मग काय राहील त्यात?" आकाश स्वच्छ होतं. पहाटे ओहोटीबरोबर दोन होड्या गेल्या. दुपारी वारा फिरला. दुसरी होडी वेळेवर खाडीत शिरली. तुझ्या होडीची डोलकाठी मोडून रामूच्या हातावर आली आणि होडी खडकावर फुटली. रामूचा उजवा हात कोपरावरून काढावा लागला आणि तू, स्वतःच्या होडीचा तांडेल, दुसऱ्याच्या होडीवर खलाशी झालास. यातलं काही मी तुला सांगायची गरज नाही.

बाराव्या दिवशी, रामूला दवाखान्यातून घरी आणल्यावर, मी आलो. तू बोलावलं नव्हतंस. येताना मीटर आणला होता. ओट्यावर बसून आधी बॅटरी तपासली. सदा, काटा जिथवर जायला हवा तिथवर गेला. बॅटरी चांगली होती.

मग पाठचं झाकण काढलं. बॅटरीची तार जिथे आत शिरते तो पहिलाच जोड. बोट लावलं आणि तो सुटून हातात आला. वरून जोडासारखा दिसत होता, आतून हिरवी भुकटी झाली होती.

मी अजून वाकलेलाच होतो. मावशींनी विचारलं, "संपलेली ना, मास्तर?" तू बघत होतास. रामूचं अंथरूण आत होतं, तो कण्हत होता. वहिनी दारात हंडा घेऊन उभी होती.

मी मान हलवली. वरखाली, एकदाच. तोंडाने काहीही बोललो नाही. पुढे किती दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की आपण तोंडाने काही बोललो नाही.

मग म्हटलं, "नवी मिळते का बघतो," आणि बॅटरी पिशवीत घातली. दुसऱ्या कुणी मीटर लावू नये म्हणून. सुटलेली तारही खिशात टाकली. मागे मावशी बोलू लागल्या होत्या, ते ऐकत ओट्यावरून उतरलो. पंधरा दिवसांनी वहिनी माहेरी गेल्याचं कळलं आणि मी बदलीचा अर्ज लिहिला.

रविवार, ता. २९

अजून दोन गोष्टी उरल्या आहेत. त्या परवा लिहिल्या असत्या, पण हात चालेना.

पहिली बॅटरीची. ती मी टाकून दिली नाही. मला कुठलीच चालती वस्तू टाकवत नाही, सवय आहे तशी. मी ती माझ्या टेबलावरच्या सेटला लावली. रोज वाटायचं, आज संपेल. संपली असती तर निदान म्हणता आलं असतं की तेव्हाही ती संपतच आली होती. ती होळीपर्यंत चालली. कार्तिकापासून होळीपर्यंत मी रोज संध्याकाळी तुझ्या घरातल्या बॅटरीवर हवामान ऐकलं, गाणीसुद्धा ऐकली. इकडे हंसावहिनी त्याच बॅटरीपायी माहेरी बसली होती. होळीच्या आठवड्यात आवाज बसत बसत गेला आणि मी सेट फडक्यात बांधून ठेवला.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. ती लतिकालाही ठाऊक नव्हती, आज सकाळी सांगितली.

वादळाच्या आधीच मला कळलं होतं.

त्या श्रावणात माझा डहाणूचा सेट बंद पडला. उघडला तर जोड हिरवे पडलेले. पावसाची हवा म्हणून तेवढे जोड पुन्हा दिले. गणपतीनंतर परत तेच. तेव्हा मी शब्दकोश उघडून पुस्तकाचा सोडलेला मजकूर वाचायला बसलो. तिसऱ्याच प्रकरणात लिहिलं होतं. नवसागर भांड्यांच्या कल्हईला ठीक, कारण भांडं नंतर धुतलं जातं. रेडिओत तो तारेवर राहतो, तार आतून खातो, आणि दमट खाऱ्या हवेत तर फारच लवकर. रेडिओच्या कामाला फक्त राळ वापरावी.

राळ, सदा. रामूच्या भांड्यातली. मी तिच्या शेजारी बसून दोन रविवार नवसागर घासत होतो.

माझ्या सेटचे सगळे जोड मी राळ लावून नव्याने दिले. तुझ्यात चाळीसेक जोड होते, सगळे कल्हईवाल्याच्या पद्धतीचे, आणि तुझं घर समुद्रापासून शंभर पावलांवर. आज ना उद्या तो बंद पडणार हे मला कळलं होतं. दसऱ्याच्या आठवड्यात येणार होतो, कंटाळा केला. पुढच्या रविवारी दिवाळीचा बाजार होता. तिसऱ्या रविवारी मात्र सळई आणि राळ पिशवीत घालून सायकलवर खरंच आलो. वरोरच्या नाक्यावर रामू भेटला. बरोबर परगावचे दोघे तांडेल होते. रामूने माझा हात धरून त्यांना सांगितलं, "ह्योच आमचा मास्तर. कंपनीचा रेडिओ याच्यापुढं झक मारतो." त्या दोघांनाही माझ्याकडून सेट हवे होते. आम्ही नाक्यावर चहा घेतला. रामू मला घरी चल म्हणत होता. त्या माणसांच्या देखत मी तुझा सेट उघडून चाळीस जोड तोडायला बसलो असतो, तर मला काय म्हणाले असते? म्हटलं, आज नको, पुढच्या रविवारी येतो. आणि सायकल वळवली.

पुढचा रविवार आला तेव्हा रामू दवाखान्यात होता.

ज्या हाताने त्याने माझा हात धरला होता तोच गेला.  माफी मागायची म्हटली तर कुठल्या तोंडाने मागू? मी फार थकलो आहे. हे अडीच वर्षं सांभाळताना थकलो. पण वहिनी माझ्याहून जास्त थकली असेल, आणि तिचा काहीही गुन्हा नाही.

आता पुडी उघड. त्यात तीच तार आहे, तुझ्या सेटमधली. टोकाला हिरवं लागलं आहे ते नखाने खरवडून बघ, तार आतून पोकळ निघेल. हे पत्र पंचांसमोर मोठ्याने वाच, बुधवारचं पहिलं सारवासारवीचं पानसुद्धा गाळू नकोस. मावशींना ऐकू दे. रामूला ऐकू दे. बॅटरी भरलेली होती, एवढं एक वाक्य तरी दोनदा वाच.

अक्षय्य तृतीयेला सकाळी मी वरोरला येतो आहे. ओट्यावर घेतलं नाहीस तर खाली उभा राहीन, पंच विचारतील त्याचं उत्तर देईन, आणि या वेळी तोंडाने देईन. रामूने काही केलं तर त्याला अडवू नकोस.

त्याआधी गुरुवारी शाळा सुटली की धाकट्या डहाणूला जाणार आहे. तुझ्या वतीने काही सांगायला नाही, तो माझा अधिकार नाही. तिने मला जत्रेत एक प्रश्न विचारला होता आणि मी गर्दीचं कारण काढून पळालो होतो. एका गाण्यात बॅटरी संपत नाही, वहिनी, एवढं तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे. तिला ते खरं वाटायला किती वेळ लागेल कोण जाणे. अडीच वर्षं तिने माझ्या मानेवर विश्वास ठेवला आहे.

तुझ्या ओट्यावर त्या दिवशी मान हलवणारा,
एकनाथ